प्लुटोच्या कक्षेत नोंदलेला नेपच्यूनचा प्रवास

आठही ग्रहांच्या कक्षा शेजारी शेजारी मांडल्या, तर त्यांत एक शिस्त दिसते. थोडाफार अपवाद बुधाचा. बाकीच्या सातही कक्षा जवळजवळ वर्तुळाकार आहेत आणि जवळजवळ एकाच प्रतलात आहेत. सूर्याभोवती फिरणाऱ्या वायू आणि धुळीच्या चपट्या तबकडीतून ग्रह जन्माला आले, त्या तबकडीची ही खूण. म्हणून अनेक पिढ्यांचा समज असा होता की ग्रह जिथे तयार झाले तिथेच ते आजवर फिरत आहेत.

हा समज मोडायला जी वस्तू कारणीभूत ठरली ती आपल्या चंद्राहूनही लहान आहे. 18 फेब्रुवारी 1930 रोजी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फ्लॅगस्टाफच्या लोवेल वेधशाळेत, क्लाइड टॉम्बॉ हा 24 वर्षांचा तरुण जानेवारीत घेतलेल्या दोन छायाचित्रपट्टिका आलटून पालटून पाहत होता. ताऱ्यांच्या गर्दीत एक ठिपका जागा बदलत असल्याचे त्याला दिसले. तो प्लुटो होता. त्याची कक्षा गणिताने निश्चित झाली तेव्हा खगोलशास्त्रज्ञ चक्रावले. ग्रहांच्या प्रतलाशी ती 17 अंशांनी कललेली होती, आणि इतकी लांबट होती की प्लुटोचे सूर्यापासूनचे अंतर कधी 30 खगोलीय एककांच्या आत, तर कधी 49 एककांच्या पलीकडे जाते. एक खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले सरासरी अंतर, सुमारे 15 कोटी किलोमीटर. नेपच्यून 30 एककांवर फिरतो. म्हणजे 248 वर्षांच्या प्रदक्षिणेत साधारण वीस वर्षे प्लुटो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ असतो. अलीकडे 1979 ते 1999 या काळात तसे घडले.

नेपच्यून प्लुटोच्या हजारो पट जड आहे. एवढ्या मोठ्या ग्रहाच्या वाटेच्या आत शिरणारी लहान वस्तू आज ना उद्या त्याच्या तावडीत सापडून दूर भिरकावली जायला हवी. सूर्यमालेचे वय साडेचार अब्ज वर्षे आहे आणि प्लुटो अजून जागेवर आहे. हे कसे?

टक्कर का होत नाही

ब्रिटिश गणितज्ञ रेमंड लिटलटन यांनी 1936 मध्ये एक कल्पना मांडली: प्लुटो हा मुळात नेपच्यूनचा उपग्रह असावा आणि तिथून तो निसटला असावा. ही कल्पना बराच काळ लोकप्रिय राहिली. पण 1960 च्या दशकाच्या मध्याला चार्ल्स कोहेन आणि ई. सी. हबर्ड या दोघांनी अमेरिकी नौदलाच्या डालग्रेन इथल्या संगणकावर प्लुटोची कक्षा 1 लाख 20 हजार वर्षांपर्यंत मांडली, आणि चित्र पालटले. नेपच्यून सूर्याभोवती तीन फेऱ्या पूर्ण करतो तेवढ्या काळात प्लुटोच्या बरोबर दोन होतात. हा हिशेब सुमारे 495 वर्षांनी जुळतो. त्यामुळे नेपच्यून प्लुटोला मागे टाकून पुढे जातो तेव्हा प्लुटो नेहमी आपल्या कक्षेच्या दूरच्या टोकाजवळ असतो. प्लुटो सूर्याजवळ येतो तेव्हा नेपच्यून त्याच्यापासून बराच लांब असतो. दोघांमधले अंतर 17 एककांपेक्षा कमी होतच नाही. प्लुटो युरेनसच्या जितका जवळ जाऊ शकतो तितका नेपच्यूनच्या जाऊ शकत नाही.

या व्यवस्थेला अनुस्पंदन किंवा रेझोनन्स म्हणतात. झोपाळ्याला त्याच्या लयीत दिलेला हलका धक्काही दर खेपेला भर घालतो. तसे प्रदक्षिणाकाळ साध्या पूर्णांकांच्या प्रमाणात असले, की एका वस्तूचे दुसरीवरचे ओढणे कक्षेच्या ठरावीक जागी पुन्हा पुन्हा घडते आणि त्याचा परिणाम साचत जातो. कधी त्याने कक्षा उद्ध्वस्त होते. प्लुटोच्या बाबतीत मात्र ती सावरली जाते. भेटीची जागा थोडी पुढे सरकली की नेपच्यूनचे गुरुत्वाकर्षण ती मागे आणते, मागे सरकली की पुढे नेते. असे एक आंदोलन पूर्ण व्हायला सुमारे 20 हजार वर्षे लागतात.

प्लुटो सुरक्षित का आहे हे अशा रीतीने कळले. तो या सुरक्षित जागी पोहोचला कसा, हे कळले नाही. तीनास दोन हे प्रमाण नेमके साधणारी कक्षा म्हणजे अफाट पोकळीतली एक अरुंद पट्टी. इतकी लांबट आणि कललेली कक्षा घेऊन योगायोगाने त्या पट्टीत येऊन पडण्याची शक्यता फार कमी होती.

केतकरांचा अंदाज

इथे एका मराठी माणसाची आठवण काढायला हवी. 'ज्योतिर्गणित' आणि 'केतकी ग्रहगणित' हे ग्रंथ लिहिणारे वेंकटेश बापूजी केतकर यांनी 1911 मध्ये, म्हणजे प्लुटोच्या शोधाच्या 19 वर्षे आधी, फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत एक लेख प्रसिद्ध केला. गुरूचे आयो, युरोपा आणि गॅनिमिड हे तीन उपग्रह एकमेकांशी अनुस्पंदनात आहेत: गॅनिमिडची एक फेरी होते तेवढ्यात युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार. फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने अभ्यासलेला हा संबंध केतकरांनी बाहेरच्या ग्रहांना लावून पाहिला आणि नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत असा निष्कर्ष काढला. त्यांना त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू ही नावे दिली. ब्रह्माचे अंतर त्यांच्या हिशेबाने सुमारे 39 खगोलीय एकके आणि प्रदक्षिणाकाळ सुमारे 242 वर्षे निघाला. प्लुटोचे सरासरी अंतर 39.5 एकके आणि प्रदक्षिणाकाळ 248 वर्षे आहे.

हे साम्य पाहून केतकरांनी प्लुटोचे भाकीत केले असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. त्यांनी ज्या प्रकारचा ग्रह कल्पिला होता तसा प्लुटो नाही, आणि त्यांनी धरलेला अनुस्पंदनाचा संबंधही प्रत्यक्षातल्यापेक्षा वेगळा होता. तरी त्यांची दिशा मोलाची होती. उपग्रहांमध्ये जे गणित चालते ते ग्रहांमध्येही शोधावे, हा विचार त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केला. त्यांच्याकडे नव्हते ते कारण. ग्रह अशा प्रमाणात का येतील, याचे उत्तर त्या काळी कोणाकडेच नव्हते.

मिरांडाचा धडा

ते उत्तर पुढे ज्यांनी दिले त्या रेणू मल्होत्रा यांचा जन्म 1961 मध्ये नवी दिल्लीत झाला. त्या हैदराबादेत वाढल्या, आयआयटी दिल्लीत भौतिकशास्त्र शिकल्या आणि 1988 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्लुटो नव्हता. जानेवारी 1986 मध्ये व्हॉयेजर 2 हे यान युरेनसजवळून गेले होते आणि युरेनसच्या उपग्रहांविषयी भरपूर नवी माहिती हाती आली होती. त्या उपग्रहांची अनुस्पंदने हा त्यांचा अभ्यासविषय होता.

त्या उपग्रहांपैकी मिरांडा हे एक कोडे होते. युरेनसच्या इतर मोठ्या उपग्रहांच्या कक्षा अर्ध्या अंशानेही कललेल्या नाहीत, मिरांडाची मात्र चार अंशांहून जास्त कललेली आहे. भरती-ओहोटीच्या बलांमुळे उपग्रहांच्या कक्षा अतिशय सावकाश विस्तारत जातात. विस्ताराचा वेग प्रत्येकाचा वेगळा. त्यामुळे दोन उपग्रहांचे प्रदक्षिणाकाळ कधीतरी साध्या प्रमाणात येतात आणि ते अनुस्पंदनात अडकतात. मिरांडा आणि अंब्रिएल एके काळी तीनास एक या प्रमाणात अडकले होते, त्या काळात मिरांडाच्या कक्षेचा कल वाढत गेला आणि नंतर ही जोडी सुटली, असे गणिताने दाखवता आले. हे गणित करणाऱ्यांत मल्होत्राही होत्या. आज मिरांडा आणि अंब्रिएल अनुस्पंदनात नाहीत. त्यांच्या जुन्या संबंधाचा पुरावा म्हणून उरला आहे तो फक्त मिरांडाचा कल.

यातून निघणारा धडा स्पष्ट होता. अनुस्पंदनात सापडायला नशीब लागत नाही, सरकणे लागते. एक कक्षा हळूहळू सरकत असेल, तर वाटेत तिला अनुस्पंदन गाठणारच. आणि सरकणे संपले तरी कक्षेच्या आकारात त्याची नोंद राहते.

सरकणारा नेपच्यून

उपग्रह भरती-ओहोटीने सरकतात, पण नेपच्यूनला कोण सरकवणार? याचे उत्तर उरुग्वेचे हुलिओ फर्नांडेझ आणि तैवानचे विंग-ह्यूएन इप यांच्या 1984 च्या एका शोधनिबंधात होते. ग्रह तयार झाल्यानंतरही बाहेरच्या सूर्यमालेत बर्फ आणि खडक यांचे असंख्य लहान गोळे उरले होते. नेपच्यूनजवळून जाणारा प्रत्येक गोळा भिरकावला जाई, आणि त्याच्याशी झालेल्या देवघेवीत नेपच्यूनची कक्षाही अत्यल्प बदले. बाहेर आणि आत भिरकावलेल्या गोळ्यांची संख्या सारखी असती, तर हिशेब शून्यावर आला असता. पण आत गेलेले गोळे युरेनस आणि शनी यांच्याकडून पुढे सरकत शेवटी गुरूच्या हाती लागत, आणि महाकाय गुरू त्यांना सूर्यमालेबाहेर घालवून देई. ते नेपच्यूनकडे परतत नसत. परिणामी गोळे आत पाठवणारा नेपच्यून बाहेर सरकत गेला. शनी आणि युरेनसही बाहेर सरकले. गुरूने त्याची किंमत मोजली, तो किंचित आत आला.

या निबंधाकडे त्या वेळी फारसे लक्ष गेले नाही. 1993 मध्ये मल्होत्रा ह्यूस्टनच्या लूनर अँड प्लॅनेटरी इन्स्टिट्यूटमध्ये होत्या. उपग्रहांच्या अभ्यासातून आलेली दृष्टी त्यांनी या सरकत्या नेपच्यूनला लावली. तीनास दोन या अनुस्पंदनाची जागा नेपच्यूनच्या अंतराच्या साधारण 1.31 पट दूर असते. नेपच्यून बाहेर सरकला की ती जागाही त्याच्यापुढे बाहेर सरकते. मल्होत्रांच्या मते प्लुटो सुरुवातीला 33 एककांच्या आसपास, इतर ग्रहांसारख्याच जवळजवळ वर्तुळाकार कक्षेत होता. सरकत आलेल्या अनुस्पंदनाने त्याला पकडले आणि बाहेर नेले. या ओढीत कक्षा मोठी होत गेली तशी लांबटही होत गेली.

या सिद्धान्ताची खरी ताकद अशी की त्यातून एक आकडा निघतो. अडकलेल्या वस्तूची कक्षा किती लांबट होईल हे नेपच्यूनने किती मजल मारली यावर अवलंबून असते, आणि दोन्हींना जोडणारे सूत्र अगदी सुटसुटीत आहे. कक्षेचा लांबटपणा मोजणाऱ्या राशीला उत्केंद्रता म्हणतात. प्लुटोची उत्केंद्रता 0.25 आहे. ती सूत्रात घातली, की नेपच्यूनने 25 एककांवरून 30 एककांपर्यंत प्रवास केला असे उत्तर येते. म्हणजे सुमारे 75 कोटी किलोमीटर. ज्या कक्षेला साठ वर्षे विचित्र म्हणून बाजूला ठेवले होते, तीच एका महाकाय ग्रहाने किती अंतर तोडले हे सांगू लागली. ऑक्टोबर 1993 मध्ये हे संशोधन 'नेचर' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले.

हवाईहून आलेले पुरावे

एकट्या प्लुटोवर आधारलेला सिद्धान्त कितीही सुबक असला तरी त्याला साक्षीदार हवे होते. सुदैवाने ते त्याच सुमारास सापडू लागले होते.

डेव्हिड ज्युविट आणि जेन लू या खगोलशास्त्रज्ञांनी 1987 पासून एक चिकाटीचा शोध चालवला होता. सूर्यमालेचा बाहेरचा भाग इतका रिकामा का दिसतो, हा त्यांचा प्रश्न होता. नेपच्यूनपलीकडे बर्फाळ वस्तूंचा पट्टा असावा, असे केनेथ एजवर्थ आणि जेरार्ड कायपर यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला सुचवले होते, पण प्लुटो आणि त्याचा उपग्रह शॅरन यांच्याखेरीज तिथे कोणी काही पाहिले नव्हते. पाच वर्षे रिकाम्या हाताने गेली. अखेर 30 ऑगस्ट 1992 रोजी हवाईतल्या मौना केआ पर्वतावर, 4,200 मीटर उंचीवरच्या 2.2 मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून घेतलेल्या प्रतिमांमध्ये त्यांना अगदी सावकाश सरकणारा ठिपका दिसला. '1992 क्यूबी1' या तात्पुरत्या नावाने तो प्रसिद्ध झाला. 2018 मध्ये त्याला अ‍ॅल्बियन हे नाव मिळाले. कायपर पट्टा खरोखरच आहे, हे त्या ठिपक्याने सिद्ध केले.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर 1993 मध्ये, चार नव्या वस्तू सापडल्या. दोन ज्युविट आणि लू यांना, तर दोन कॅनरी बेटांतल्या ला पाल्मा इथून वेध घेणाऱ्या ब्रिटिश गटाला. या वस्तू प्लुटोसारख्या, नेपच्यूनशी तीनास दोन या प्रमाणात बांधलेल्या असाव्यात असे पुढे दिसून आले. 1995 मध्ये मल्होत्रांनी सविस्तर भाकीत मांडले: सरकत्या नेपच्यूनने एकटा प्लुटो उचललेला नाही. तीनास दोन आणि दोनास एक या दोन अनुस्पंदनांत अनेक वस्तू दाटीने सापडतील आणि त्यांच्या कक्षा लांबट असतील. आज तीनास दोनच्या गटात शेकडो वस्तू ज्ञात आहेत. त्यांना प्लुटिनो म्हणतात. दोनास एकच्या गटातल्या वस्तू 48 एककांच्या जवळ आहेत, आणि कायपर पट्ट्याचा दाट भाग जवळजवळ तिथेच एकाएकी संपतो.

या दोन गटांच्या मधोमध, साधारण 42 ते 48 एककांच्या दरम्यान, काही वस्तू अशा आहेत की त्यांच्या कक्षा वर्तुळाकार आणि सपाट आहेत. नेपच्यूनचा धक्का त्यांच्यापर्यंत फारसा पोहोचला नाही. 1 जानेवारी 2019 रोजी न्यू होरायझन्स हे यान ज्या अ‍ॅरोकॉथजवळून गेले, तो यांपैकीच एक. दोन गोळे अलगद एकमेकांना चिकटावेत तसा त्याचा आकार दिसला. ग्रहनिर्मितीच्या आरंभीचे साहित्य इतक्या शाबूत अवस्थेत त्याआधी कोणत्याही यानाने जवळून पाहिले नव्हते. पट्ट्याचा एक भाग ढवळलेला आणि दुसरा जवळजवळ अस्पर्शित, हा फरकच नेपच्यूनचा प्रवास कुठवर पोहोचला ते दाखवतो.

सिद्धान्तात पडलेली भर

मल्होत्रांच्या मूळ गणितात नेपच्यूनचा प्रवास सलग होता. नंतरच्या निरीक्षणांनी त्यात बदल सुचवले. प्रवास इतका सलग असता, तर अनुस्पंदनांत आज दिसतात त्यापेक्षा जास्त वस्तू अडकायला हव्या होत्या. डेव्हिड नेस्वोर्नी आणि डेव्हिड व्होक्रूलित्स्की यांनी 2016 मध्ये दाखवले की मूळ तबकडीत प्लुटोएवढे एक ते चार हजार गोळे असतील, तर त्यांच्याशी होणाऱ्या गाठीभेटींनी नेपच्यून बारीक हिसके खात सरकेल, आणि अडकलेल्यांपैकी बऱ्याच वस्तू निसटतील. मग आजची संख्या जुळते. त्याआधी 2005 मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात जुळवलेल्या 'नीस प्रतिमाना'ने चारही महाकाय ग्रहांच्या स्थलांतराचा आणि त्यांच्यात माजलेल्या गोंधळाचा एकत्र विचार केला. ग्रह सरकतात हे गृहीत धरूनच आता सूर्यमालेचा आरंभ अभ्यासला जातो. 1997 मध्ये अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या ग्रहविज्ञान विभागाने मल्होत्रांना युरी पुरस्कार दिला. आज त्या ॲरिझोना विद्यापीठात आहेत, म्हणजे ज्या राज्यात प्लुटो सापडला त्याच राज्यात.

प्लुटोचा पिच्छा त्यांनी सोडला नाही. 2022 मध्ये जपानचे ताकाशी इतो यांच्यासह त्यांनी दाखवले की प्लुटोची कक्षा अव्यवस्थेच्या सीमेजवळ आहे. गुरूचा प्रभाव तिला बव्हंशी स्थिर ठेवतो, युरेनसचा प्रभाव अस्थिरतेकडे ढकलतो. महाकाय ग्रहांची मांडणी आहे त्याहून थोडी वेगळी असती, तर प्लुटोसारखी कक्षा अब्जावधी वर्षे टिकली नसती.

त्यांची हीच पद्धत अजून न पाहिलेल्या प्रदेशातही कामी येते आहे. कॅथरीन व्होल्क आणि मल्होत्रा यांनी 2017 मध्ये कायपर पट्ट्याचे सरासरी प्रतल मोजले. 50 एककांपलीकडे ते अपेक्षित प्रतलापासून सुमारे आठ अंशांनी झुकलेले आढळले. 60 एककांच्या आसपास मंगळाएवढी एखादी वस्तू असेल तर असा झोक पडू शकतो, असे त्यांनी सुचवले. ती वस्तू सापडलेली नाही, आणि त्या वेळी हाताशी असलेल्या वस्तू थोड्या होत्या, म्हणून हा निष्कर्ष तपासायला हवा.

त्या तपासणीचे साधन आता तयार आहे. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने जून 2025 मध्ये आपल्या पहिल्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. दक्षिणेचे आकाश दहा वर्षे पुन्हा पुन्हा टिपणारी ही दुर्बीण नेपच्यूनपलीकडच्या ज्ञात वस्तूंची संख्या कित्येक पटींनी वाढवील अशी अपेक्षा आहे. तेव्हा दूरच्या पट्ट्याचे झुकलेपण खरे की अपुऱ्या नमुन्याचा परिणाम, हे ठरवता येईल. प्रत्येक अनुस्पंदनात नेमक्या किती वस्तू आहेत, त्यांच्या कक्षा किती लांबट आणि किती कललेल्या आहेत, हेही मोजता येईल. या मोजणीतूनच नेपच्यून केव्हा निघाला, किती वेगाने सरकला आणि वाटेत त्याला किती हिसके बसले, हे आजच्यापेक्षा पुष्कळ नेमकेपणाने सांगता येईल. प्लुटोच्या एका कक्षेवरून त्या प्रवासाची लांबी कळली होती. त्याचा सविस्तर इतिहास लिहायला हजारो कक्षा लागणार आहेत, आणि त्या कक्षा मोजण्याचे काम आता हाती घेतले गेले आहे.